आधी बारीक

राजारामपुरी, नववी गल्ली, तिसरा मजला.
मी सज्ज्यावर, कमरेला दोर,
दोराचं दुसरं टोक आत पलंगाच्या पायाला.
आणि पलंगही आजच जायचा आहे.

युनिटच्या कुशीतून दोन पाइप निघतात,
एक करंगळीएवढा, एक अंगठ्याएवढा.
दोघांच्या मुळाशी पितळी टोपी.
टोपी काढली की आत षटकोनी खळगा,
त्यात ॲलन की. नीट बसली तर गप्प बसते.
कुरकुरली तर थांबायचं, सांगायचे इलाही शिकलगार,
एकदा का कडा झिजली
की मग व्हॉल्व तुझं ऐकत न्हाई, माझंबी न्हाई.

पहिल्या वर्षी हात कापायचा माझा.
एकदा नळी सैल राहिली, गॅस बोटावर आला.
पांढराफटक फोड.
थंडीनंही भाजतं
हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.
चाचांनी बोट बघितलं, फुंकर घातली,
म्हणाले, आता इसरत न्हाईस.

आधी बारीक, मग जाड.
बारीक बंद केला की जायची वाट बंद,
मशीन मात्र चालू ठेवायचं.
आतल्या कॉइलमधला गॅस मग माघारी येतो
संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी येतात तसा,
न हाकता.
काटा उतरतो. एकशे वीस. नव्वद. साठ.
शून्याच्या जरा अलीकडं जाड बंद,
आणि त्याच दमात आतून बटण बंद.
शून्याखाली मशीन बाहेरची हवा ओढतं,
आणि ह्या धंद्यात हवेइतकं वाईट काही नाही.

बटणापाशी कोण?
सून सामान बांधतेय, मुलगा टेम्पोवाल्याशी भांडतोय.
उरले गंगाराम तिवले, वय अठ्ठ्याहत्तर.
त्यांना हाक मारून उपयोग नाही, सून म्हणाली,
दोन्ही कान गेलेत.
म्हातारा माझ्या ओठांकडं बघत होता.
फडकं दाव मला, म्हणाला,
छत्तीस वर्सं शाळंची घंटा दिलीया
हेडमास्तरच्या बोटाकडं बघून.

खिडकीच्या गजांआड तो, हात बटणावर.
पन्नास. चाळीस.
खालून कांदेवाला ओरडत गेला.
वीस.
मी जाड पाइपवर वाकलो, किल्ली फिरवली,
अर्धा फेरा, आणखी पाव,
काटा पाचावर थरथरला
आणि डाव्या हातानं लाल फडकं वर.

पंखा थांबला.
माझ्या पोऱ्याला तीन वर्षांत जमलं नाही
इतकं वेळेवर.

टोप्या परत घट्ट. टोपी म्हंजे शोभा न्हवं लेका,
खरं कुलूप तीच. हेही चाचांचंच.
ते गेले त्याला आता दोन उन्हाळे झाले,
पाच नंबरची ही किल्ली त्यांची,
दुसऱ्या कुणाच्या हातात मी देत नाही.

टेम्पो रंकाळ्यावरून फुलेवाडीकडं.
युनिट उभं बांधलेलं, शेजारी गंगाराम तिवले,
एक हात त्याच्या पत्र्यावर.
त्यांनी बोटांनी विचारलं, आत किती?
मी मोबाइलवर आकडा लिहून दाखवला,
साडेआठशे ग्रॅम.
त्यांनी चष्मा वर करून वाचला. हसले.
येवढंच? गुळाच्या किलोच्या रव्याएवढंबी न्हाई,
आन मला वाटलं आक्खं घर भरून घेतलंसा.

नव्या भिंतीला ओल होती चुन्याची.
पंप लावला, वीस मिनिटं.
मग किल्ली. उघडतानाही आधी बारीक,
अगदी हळू, मीठ घालावं तसं,
कान पाइपला लावून.
सीऽऽ म्हणत तो निघाला घरात.
मग जाड, पूर्ण. साबणाचा फेस लावून बघितला,
एक बुडबुडा नाही.

आत गेलो तर सून, नातू, शेजारची दोघं
झोताखाली तळवे धरून उभी.
म्हातारा तेवढा भिंतीशी, बोट बटणावर,
नजर माझ्या खिशाकडं.
लाल फडक्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

मी ते घाईनं आत कोंबलं.